तुझा व्हिडिओ, माझ्या नावावर

वसमत
२४ नोव्हेंबर २०२५

चि. शिला हिस अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखीचं वाटलं का? तांड्यावरच्या शाळेत फळ्यावर रोज हेच अक्षर असायचं. मी नीलांबरी औंढेकर, तुझ्या चौथीच्या वर्गाची बाई.

मागच्या आठवड्यात सेवापुस्तकाच्या कामासाठी सेनगावला गेले होते. तिथे स्टँडवर तुझी आई दिसली. पारुबाईंनी मला आधी ओळखलं होतं असं वाटतं, पण मी हाक मारल्यावरच त्या बोलल्या. तू बारावी चांगल्या मार्कांनी पास झालीस आणि नांदेडला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. मी तुझा नंबर मागितला तर म्हणाल्या, "नंबर न्हाई देत बाई. तिच्यापाशी साधा फोन हाय. वळखीचा नंबर असला तरच उचलते. लिवायचं तर कागद लिवा." तुझ्या वसतिगृहाचा पत्ता त्यांच्या पिशवीत डॉक्टरच्या चिठ्ठीमागे कुणीतरी लिहून दिलेला होता. तो मी उतरून घेतला.

आता कामाचं. मी सध्या वसमतजवळच्या एका हायस्कूलला आहे. यंदा आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास मोबाइल आणि इंटरनेटबद्दल शिकवायचं ठरलं आहे. आज आपण जे टाकतो ते दहा वर्षांनी कोण बघेल, काय पुसता येतं, काय येत नाही, असा विषय. मुख्याध्यापकांनी तो माझ्याकडे दिला. म्हणाले, "यातला अनुभव तुम्हालाच आहे मॅडम." कोणता अनुभव ते तुझ्या लक्षात येईल.

मुलांना काही पटत नाही. डिलीट केलं की संपलं, असं म्हणतात. त्यांच्यापुढे खरं उदाहरण ठेवलं तरच कान देतील. म्हणून आपल्या त्या व्हिडिओबद्दल सांगावं असं मनात आहे. तुझं नाव, गाव काही सांगणार नाही. तसाही तो मी माझ्या पानावरून केव्हाच काढून टाकला आहे. त्या वेळी तुझं कौतुकच झालं होतं, लोकांना तुझा निरागसपणा आवडला होता, हे मला ठाऊक आहे. तरी विचारलेलं बरं.

पहिला तास मंगळवारी, २ डिसेंबरला आहे. सोबत माझा पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट ठेवलं आहे. नुसतं "हो" लिहिलंस तरी पुरे.

अभ्यास कर. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी बाई,
नीलांबरी औंढेकर


वसमत
३ डिसेंबर २०२५

चि. शिला,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. टपालाला उशीर होतो, परीक्षा असतील, असं मी धरून चालले आणि काल तास घेतला. मुख्याध्यापक मागे खुर्ची टाकून बसले होते, त्यामुळे ऐनवेळी दुसरं काही सुचलं नाही.

नाव घेतलं नाही. इतकंच सांगितलं की, एका तांड्यावरच्या शाळेत एक नऊ वर्षांची मुलगी उशिरा आली. बाईंनी विचारलं, उशीर का? बाईंच्या हातात नवा फोन होता, तो त्यांनी सुरू केला. मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली की भाकर करपली, मग याडी म्हणाली दुसरी थाप, बा उठायच्या आत थाप. बाई म्हणाल्या, याडी नाही, आई म्हणायचं. आणि मग मुलीने दप्तरातून काळी भाकर काढून बाईंपुढे धरली. इथवर मी आले आणि पुढचं वाक्य माझ्याआधी मागच्या बाकांवरून चार-पाच जणांनी एका सुरात म्हटलं. "खा बाई, करपली हाय, पर आतून चांगली हाय."

शिला, ही मुलं त्या वर्षी पाच-सहा वर्षांची होती. त्यांना ते पाठ आहे. कुणाच्या चुलत्याच्या फोनची रिंग होती म्हणे.

नववीत आम्रपाली नावाची मुलगी आहे. हुशार आहे, उगाच हसत नाही. ती उभी राहिली. "मॅडम, त्या ताईला विचारलं होतं का?"

मी म्हटलं, ती लहान होती, तिच्या वडिलांना माहीत होतं.

"मग पुढं काय झालं तिचं?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. काही वाईट झालेलं नाही, हे त्यांना कळावं असं मला वाटलं. त्यांना की मुख्याध्यापकांना, देव जाणे. मी म्हटलं, ती आता नांदेडला नर्सिंग करते, छान चाललं आहे तिचं. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

कालपासून मला अन्न गोड लागत नाही. नर्सिंग आणि नांदेड हे शब्द मी बोलायला नको होते. एवढ्याने कुणी शोधत जाणार नाही, असं स्वतःला समजावते आहे. नांदेडला अशी कॉलेजं पुष्कळ आहेत.

आधीच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करते. व्हिडिओ "केव्हाच" काढला असं लिहिलं होतं. तो मी २२ नोव्हेंबरला काढला. म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिण्याच्या दोन दिवस आधी. तोवर नऊ वर्षं तो माझ्या पानावर होता.

आणि तुझ्या वडिलांना माहीत होतं हे खरं, पण ते नंतर. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

नीलांबरीबाई


वसमत
८ डिसेंबर २०२५

शिला,

हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही हे माहीत आहे. तू वसतिगृहात नाहीस हेही आज सकाळी कळलं. तरी याच पत्त्यावर लिहिते आहे, कारण माझ्याकडे दुसरा पत्ता नाही. वॉर्डन मॅडमना विनंती केली आहे की शिलाचा ठावठिकाणा लागला तर तिथे पाठवा.

काय घडलं ते क्रमाने लिहिते. तुला काही कळलंच नसेल, अशी एक वेडी आशा आहे.

आम्रपालीने शुक्रवारी एक रील टाकली. तिने तो जुना व्हिडिओ कुठून तरी मिळवला. माझ्या पानावरून गेला असला तरी शंभर ठिकाणी आहे. त्यावर तिने लिहिलं, "या ताईवर सगळे हसले. ताई आता नांदेडला नर्सिंग करते. आपण सगळे तिला सॉरी म्हणू या." खाली हात जोडलेली चित्रं. मला ती रविवारी संध्याकाळी दिसली, तोवर दोन लाख लोकांनी पाहिली होती. कुणीतरी खाली तुझ्या कॉलेजचं नाव टाकलं होतं. कुणीतरी तुझं नाव.

मी तशीच आम्रपालीच्या घरी गेले. तिची आई हळदीच्या रानातून नुकतीच आली होती, मला बघून घाबरली. आम्रपाली मात्र आनंदात होती. फोन पुढे करून म्हणाली, "मॅडम, बघा ना, सगळे सॉरी म्हणून राहिले ताईला. मी तर चांगल्यासाठीच टाकलं."

मी तिला रागावू शकले नाही. हेच वाक्य मी तुझ्या वडिलांना म्हटलं होतं.

तिने माझ्यासमोर रील काढून टाकली. मग खाली बसून रडली. "आता गेली ना मॅडम? आता न्हाई ना कुठं?" असं विचारत राहिली. मी तिला खरं उत्तर दिलं नाही. घरी येऊन पाहिलं तर तीच रील आणखी अकरा जणांनी आपापल्या नावाने टाकली होती.

सकाळी वसतिगृहाला फोन लावला. वॉर्डन मॅडम माझ्यावर चिडल्या आणि ते योग्यच होतं. त्यांनी सांगितलं की शनिवारपासून फाटकाशी पोरं येऊन उभी राहतात, "सॉरी ताई" म्हणून ओरडतात, फोन वर धरून. एकाने भाकर आणली होती. रविवारी पहाटे तू पिशवी घेऊन गेलीस आणि वहीत कुठे जाते ते लिहिलं नाहीस.

शिला, तू कुठे आहेस? घरी असशील तर बरं. पण घरी गेली असशील असं मला वाटत नाही, आणि का वाटत नाही ते मलाच माहीत आहे.

उद्या मी नांदेडला जाते आहे. तिथे नसलीस तर परवा तांड्यावर जाईन. शाळेत रजा टाकली आहे, कारण दिलेलं नाही.

नीलांबरी


साखरा
११ डिसेंबर २०२५

शिला,

हे मी तांड्याजवळच्या साखऱ्याच्या शाळेच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. पारुबाई शेजारी थांबल्या आहेत. त्या हे तुझ्याकडे पोचवणार आहेत. तू सुखरूप आहेस, वारंगा फाट्याला शकुबाई आत्याच्या हॉटेलात आहेस, एवढं त्यांनी काल संध्याकाळी सांगितलं. त्याआधी दिवसभर नाही सांगितलं. मी पुन्हा कुठे बोलेन अशी त्यांना धास्ती होती. मी तिकडे येणार नाही. परवा नांदेडहून परतताना माझी बस वारंगा फाट्याला दहा मिनिटं थांबली होती. लोक चहाला उतरले. मी खिडकीशी बसून तुझ्याच काळजीत होते, आणि तू रस्त्यापलीकडे असणार.

काल तांड्यावर पोचले तेव्हा तुझे वडील दारात दोरखंड वळत बसले होते. मी त्यांना नऊ वर्षांनी बघत होते. त्यांनी उठून बाज पुढे केली, पाणी दिलं. "बसा बाई," म्हणाले. मी शिला आहे का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली. मग मी सगळं सांगितलं, तास, रील, फाटकावरची पोरं. रतनसिंगभाऊंनी हातातलं काम थांबवलं नाही.

मी मागच्या पत्रात जे "पुन्हा कधीतरी" म्हणून टाळलं होतं, ते आता लिहिते.

त्या व्हिडिओत भाकरीच्या आधी तू आणखी एक वाक्य बोललीस. "भाकर करपली की बा मला न्हाई मारत, याडीला मारते." हे तू अगदी साध्या आवाजात सांगितलंस, दप्तर उघडता उघडता. आणि त्यावर वर्ग हसला, आणि वर्गाच्या हसण्यात एक मोठ्या माणसाचं हसू आहे. ते माझं आहे. नऊ वर्षं मी तो व्हिडिओ पाहिला तेव्हा प्रत्येक वेळी त्या जागी आवाज कमी केला. त्या दिवशी वर्गात गोष्ट सांगताना ते वाक्य मी गाळलं. तुला लिहितानाही गाळलं.

तुझे वडील २०१७ च्या जानेवारीत माझ्याकडे आले होते. शाळा सुटल्यावर, एकटे. म्हणाले, बाई, ते मिटवून टाका, लोक जगू देऊन न्हाई राहिले. मी म्हणाले, मी तर चांगल्यासाठीच टाकलं होतं, पण आता ते माझ्या हातात नाही. शिला, ते माझ्या हातात होतं. ते माझ्या पानावर होतं, अंगठा ठेवला असता तर गेलं असतं. पुढे गेलेल्या प्रती राहिल्या असत्या, पण सगळे जिथून उचलत होते ते मूळ गेलं असतं. त्या वेळी आठ लाख लोकांनी तो पाहिला होता, आणि दोन दिवसांनी सेनगावला उपक्रमशील शिक्षिका म्हणून माझा सत्कार होता. पाहुणे आधी तो व्हिडिओ दाखवणार होते. म्हणून मी काढला नाही.

काल तुझे वडील म्हणाले, "तुमी म्हणले हातात न्हाई. मंग मी म्हणलो, ज्याच्या हातात हाय त्याचा पत्ता तरी द्या. तर तुमी हसले."

मला हे आठवत नव्हतं. ते म्हणाल्यावर आठवलं.

"मंग मी हिंगोलीला गेलो. मोबाइलच्या दुकानात. म्हणलो, हे मिटवायला किती घेता. त्यानं दुकानातल्या साऱ्या लोकायला लावून ऐकवलं. मी तिथंच उभा."

मग म्हणाले, "मी मारत होतो बाई. पोरगी खोटं न्हाई बोलली. ते मी कुणापाशी न्हाई म्हणत न्हाई."

मी काही बोलायच्या आत पारुबाई चुलीपासून म्हणाल्या, "त्या दिसापासून मला मारायचं सोडलं यांनी. पोरीशी बोलायचंबी सोडलं. तिला शकुबाईकडं धाडलं, तिथून आश्रमशाळेत. नऊ वर्सं झाली, बापलेक एका ताटापाशी बसले न्हाईत."

खरं सांगायचं तर त्यांचं पहिलं वाक्य ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे काहीतरी चांगलं झालं, असं मनात आलं. दुसरं वाक्य लगेच आलं म्हणून, नाहीतर मी ते पहिलं घेऊन घरी गेले असते आणि पुढची नऊ वर्षं त्यावर काढली असती.

तू चौथीनंतर शाळा सोडलीस तेव्हा मी हजेरीपटात "स्थलांतर" असं लिहिलं होतं.

पारुबाईंना बस गाठायची आहे. मला काय करायला हवं ते मला कळत नाही. सांगशील ते करीन. काही सांगावंसं वाटलं नाही तरी मी समजून घेईन, आणि या वेळी खरंच समजून घेईन.

नीलांबरी


वारंगा फाटा
१६ डिसेंबर २०२५

बाई,

चारही पत्रं मिळाली. पहिली दोन मला होस्टेलवरच मिळाली होती. पहिल्याला उत्तर दिलं नाही, तेच माझं उत्तर होतं. तुम्ही त्याचा अर्थ टपालाला उशीर असा घेतला.

तुम्ही लिहिलं माझं कौतुक झालं. आश्रमशाळेत माझं नाव शिला नव्हतं. करपली होतं. पाचवीपासून दहावीपर्यंत. भांडण झालं तरी करपली, प्रेमानं बोलवलं तरी करपली. दहावीच्या निरोपाच्या फोटोत मी नाही. कुठल्याच फोटोत नाही. नर्सिंगच्या ऍडमिशनला कागद तपासताना एका मॅडमनं ओळखलं, दुसऱ्या दोघींना बोलावलं आणि म्हणाल्या, म्हण ना एकदा. मी म्हटलं. मला ऍडमिशन पाहिजे होती.

बाचा मला राग येत नाही असं नाही. पण त्याच्याबद्दल मी जे बोलले ते मी बाईला सांगितलं होतं. बाई म्हणजे कोणीतरी ऐकणारं माणूस, असं मला वाटत होतं. नऊ वर्षांची होते, पण ते मला बराबर आठवतं. त्या दिवशी ती भाकर मी तुम्हाला खायला आणली नव्हती. दाखवायला आणली होती.

मला माफीचं पत्र नको. माझं काम करा.

हिंगोलीला पोलिसांचं सायबरचं ऑफिस आहे. मी अठरा वर्षांची झाले, तक्रार माझी मी देऊ शकते. आत्यासोबत जाऊन विचारून आले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, ज्यांनी मूळ व्हिडिओ काढला त्यांचं लेखी असलं तर बरं. तर तुम्ही लिहून द्या. कधी काढला, मी किती वर्षांची होते, कुणाला विचारलं नव्हतं, बा आला तेव्हा तुम्ही काय सांगितलं. तुमच्या नोकरीवर येईल का मला माहीत नाही. येऊ शकतं.

सोमवारी २२ तारखेला अकरा वाजता. नाही आलात तर मी तुमच्याशिवाय देईन.

त्या मुलीला, आम्रपालीला, ओरडू नका. पण कुणी कुणी रील पुढं टाकली त्यांची यादी तिला करायला लावा, लिंकसकट. तिला ते जमेल.

आणि माझी गोष्ट वर्गात सांगू नका. चांगल्यासाठीही नाही. नाव न घेताही नाही.

शिला रतनसिंग राठोड


वसमत
५ जानेवारी २०२६

शिला,

आधी कामाचं. आम्रपालीने एकसष्ट लिंक उतरवून दिल्या होत्या. सायबरच्या मॅडमचा शुक्रवारी फोन आला. त्यांतल्या चौतीस काढल्या गेल्या. काहींना पुन्हा नोटीस जाईल. जे या फोनवरून त्या फोनवर फिरतं त्याचं काही सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुलाही त्यांनी कळवलं असेलच. वॉर्डन मॅडम म्हणाल्या की तू गुरुवारपासून वर्गात बसते आहेस आणि फाटकाशी आता कुणी येत नाही.

माझ्याकडे विभागाची नोटीस आली आहे, खुलासा पंधरा दिवसांत द्यायचा. यात तुला वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही, मी फक्त कळवते आहे. मोबाइलचा तास माझ्याकडून काढून घेतील असं वाटलं होतं, अजून काढलेला नाही. मागच्या आठवड्यात मी मुलांना एकच काम दिलं. आपल्या फोनवरून ज्या माणसाचा फोटो किंवा व्हिडिओ टाकला आहे, त्या माणसाकडे जायचं आणि ठेवू का म्हणून विचारायचं. बेचाळीस मुलं जाऊन आली. एकोणीस जणांना "काढ" असं उत्तर मिळालं. आम्रपालीच्या आजीला तर आपला व्हिडिओ आहे हेच माहीत नव्हतं. तिने आधी तो पाहायला मागितला, मग काढायला लावला. एका मुलाने विचारलं, "मॅडम, नाही म्हटल्यावर कारण विचारायचं का?" मी म्हटलं, नाही विचारायचं. तुझ्याबद्दल कुणी काही विचारलं तर मी दुसरं काही बोलते.

आता २२ तारखेबद्दल. तू तिथे होतीस, पण काही गोष्टी तुला माहीत नाहीत.

मी येणार नव्हते. घरी यांचं म्हणणं होतं की तोंडी सांग, लेखी कशाला देतेस. सकाळी वसमतच्या स्टँडवर औंढ्यावरून हिंगोलीला जाणारी पहिली बस समोर लागली, भरली, गेली. मी बाकावर बसून राहिले. पर्समध्ये दोन पानांचा जबाब होता. तो मी सहा वेळा लिहिला होता आणि दर वेळी थोडा मऊ केला होता. दुसऱ्या बसमध्ये चढले ते तुझ्या धाकाने. तू माझ्याशिवायही तक्रार देणार होतीस, आणि मग त्या कागदावर मी न आल्याचं आलं असतं.

तुझे वडील तिथे असतील हे मला माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं, असं तुझ्या चेहऱ्यावरून वाटलं. ते पायरीवर बसलेले होते, धुतलेला सदरा घालून. पारुबाईंनी सांगितलं असणार. तू त्यांच्याजवळून आत गेलीस.

तू माझा जबाब उभ्याने वाचलास. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, "सदर चित्रीकरण माझ्याकडून अनवधानाने झाले." तू पेन मागून घेतलंस आणि म्हणालीस, "अनवधानानं नव्हतं बाई." आणि तो शब्द खोडलास. मी बाजूला सही केली. सहा वेळा लिहिताना प्रत्येक वेळी तो शब्द मी जपून ठेवला होता.

मग त्या मॅडम म्हणाल्या की मूळ व्हिडिओ हाच आहे हे तक्रारदाराने बघून सांगायचं. त्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवली. तेवढ्यात तुझे वडील दारातून आत आले आणि म्हणाले, "मला दावा. मी पाह्यला न्हाई."

त्या मॅडमना कळलं नाही. "तुम्ही वडील ना?"

"व्हय. ऐकला लई जागी. पाह्यला न्हाई कधी."

तू नको म्हणाली नाहीस. मी त्या वेळी तुझ्याकडे बघत होते, मॅडमही तुझ्याकडे बघत होत्या. तू खुर्ची थोडी सरकवलीस.

व्हिडिओ सुरू झाला. मी आवाज कमी करायला पुढे झाले नाही. तू कमरेवर हात ठेवून उभी, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. रतनसिंगभाऊंचा चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ गेला होता. ते वाक्य आलं, हसू आलं. त्यांनी हसणाऱ्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे, वळून बघितलं नाही. ते तुझ्याकडेच बघत होते, त्या लहान शिलाकडे. म्हणाले, "एवढीशी होती."

तू भाकर काढायला दप्तरात हात घातलास आणि तिथे तू, आत्ताची तू, तळहात स्क्रीनवर ठेवलास. "बास," म्हणालीस. "पुढलं मी सांगते."

तुम्ही दोघं बाहेर गेलात. कागदांचं उरलेलं काम मी पूर्ण केलं, पोच घेतली, तुझ्यासाठी झेरॉक्स काढली. बाहेर आले तर तुम्ही आवाराच्या कोपऱ्यात लिंबाखाली होतात. तू बसली होतीस, ते उभे होते. मग तेही खाली बसले. तू बोलत होतीस, बराच वेळ, हात हलवून, तुमच्या गोरमाटीत. तुझी बोली मी इतक्या वर्षांनी ऐकत होते. तांड्यावर चार वर्षं काढून मला त्यातले दहा-बारा शब्द येतात, आणि तेही मी वर्गात कुणाला बोलू दिले नाहीत. ते मध्ये एकदा काहीतरी म्हणाले, तू मान जोरात हलवलीस आणि पुन्हा बोलू लागलीस. त्यांनी डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

मी उभी होते तिथे एखाददुसरा शब्द ऐकू येत होता. मी झेरॉक्स शिपायाकडे ठेवली, तुझं नाव सांगितलं, आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले. तिथे काही ऐकू येत नव्हतं.

नीलांबरी औंढेकर